भावजींच्या डोळ्यांविषयी, भावजींच्याच अक्षरात

ती. ताईस,

धाकट्याचा एका हाताने नमस्कार (दुसरा गळ्यात अडकवलाय, कारण पुढे येईल). तिकडे लेकीकडे बाळ-बाळंतीण खुशाल असतील, तुझे गुडघेही. अक्षर ओळखलं असशीलच. मी सांगतोय आणि तुझे यजमान लिहिताहेत, त्यामुळे ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील तर दोष टेबलाला द्यायचा असं ठरलं आहे. (टेबल खरोखरच डुगडुगतं. — लेखनिक)

तर तुझं गुप्त पत्र. ते नेमकं भावजींनी फोडलं आणि चष्मा सापडत नाही म्हणून मलाच मोठ्याने वाचायला लावलं. मी आपला वाचत गेलो. "ह्यांना हल्ली नीट दिसत नाही असा संशय आहे, तू लक्ष ठेव, पण ह्यांना कळू देऊ नकोस" इथवर पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण काय वाचतोय. भावजी शांतपणे म्हणाले, उद्या पहाटे टेकडीवर रानटी ऑर्किड आणि फुलपाखरं शोधायला चल, तिथेच माझी परीक्षा घे.

गेलो. उन्हाळा नुकताच लागलाय, पहाटे अजून गार असतं. माझा जन्म शिवणयंत्रावर वाकून गेलेला, मला फुलांतलं कळतं ते छापील कापडापुरतं. भावजी मात्र एका मोठ्या दगडापासून ताडताड चालत गेले, एका झाडाशी थांबले आणि वर न बघता म्हणाले, "तिसऱ्या फांदीच्या बेचक्यात बघ." मला साल दिसली. पुन्हा पाहिलं, सालच. तिसऱ्यांदा पाहिलं तर शर्टाच्या बटणाएवढं फूल. आता नजर कुणाची अधू, तूच सांग. पुढे त्यांनी फुलपाखरू दाखवलं. मी म्हटलं, वाळकं पान आहे. ते म्हणाले, थांब, उडेल. तेवढ्यात वारा आला आणि ते उडालं. पान असतं तर खाली आलं असतं, फुलपाखरू असतं तर वर गेलं असतं. ते आडवं गेलं. तेव्हापासून माझं डोकं चालेनासं झालं आहे.

उतरताना भावजी म्हणाले, पुढे सपाट आहे, बिनधास्त ये. मी बिनधास्त गेलो आणि चरात पडलो, तोही उजव्या हातावर. (सपाट चराच्या पलीकडचं म्हणालो होतो. — लेखनिक) एकूण, भावजींची नजर उत्तम आहे, डॉक्टरची गरज नाही, असं त्यांच्या मते माझं मत झालं आहे.

तुझा धाकटा
(सही लेखनिकाची)

ता. क. भावजी आंघोळीला गेलेत. हे डाव्या हाताने, घाईत. त्या दगडापासून झाडापर्यंत ते पावलं मोजत होते, मी ऐकलं. चाळीस वर्षं जमिनीची मोजणी केलेला माणूस, दरवर्षी तेच झाड. त्याला डोळे कशाला लागतात? फुलापाशी मला विचारलं, "यंदा रंग कसा आलाय?" मला वाटलं, परीक्षा माझीच चाललीय. म्हटलं, जांभळट, कडेला पांढरी किनार. ते बराच वेळ तिकडे तोंड करून उभे राहिले. ताई, यंदा त्यांना ते दिसलंच नाही गं. घरी आल्यावर हे लक्षात आलं आणि मला जेवण गेलं नाही.

आणखी एक ता. क. तू त्यांना फक्त एवढंच लिही की धाकट्याचा हात दाखवायला डॉक्टरकडे सोबत जा. पत्र मीच वाचून दाखवेन. मंगळवारची वेळ घेतलीय, डोळ्यांच्या डॉक्टरची. दारावर हातभर पाटी आहे. ती त्यांनी वाचली, तर आम्ही दोघे दारातूनच परत येऊ.