पंचामृताचा थर

प्रिय दादा,

तुला जाऊन पाच महिने झाले. वहिनी काल म्हणाली, "भाऊजी, गच्चीवरचं ते यंत्र भंगारात देऊ का? कपडे वाळत घालायला गेलं की तेच दिसतं." मी म्हणालो, आधी खोलून बघू. म्हणून हे पत्र.

तू अभियांत्रिकीचा मास्तर, मी संस्कृतचा. आईच्या मते दोघांपैकी एकालाही घरातला फ्यूज बदलता येत नव्हता. तरी तू किनवटकडच्या गरम कुंडावर वीज करायला निघालास. "भूमातेला ताप आलाय, आणि तू तिच्याकडून काम करून घेणार," असं मी चिडवायचो. तू शांतपणे म्हणायचास, "पाणी फुकट तापलंय रे. त्यातली ऊब वाया किती जाऊ द्यायची, एवढंच आपल्या हातात."

त्यासाठीच तू यंत्रातल्या पत्र्यांमधली फट नेहमीच्या निम्मी केलीस ना? एका बाजूनं कुंडाचं पाणी, दुसऱ्या बाजूनं थोड्याशा उबेनं उकळणारा द्रव; त्याच्या वाफेवर चक्र फिरणार. फट अरुंद, म्हणजे ऊब जास्त मिळणार.

चाचणीच्या दिवशी तू मला बजावलं होतंस, "वसंता, टिळा लाव, नारळ फोड. पाण्यात काही ओतू नको." आणि तू पलीकडे दिव्याची तार जोडायला गेलास.

कुंड म्हणजे तीर्थ. तीर्थाला कोरडी पूजा कशी चालेल? कुंडाचं पाणी ज्या टाकीतून पत्र्यांमध्ये जायचं, तिच्यात मी पंचामृत ओतलं. तांब्याभर नव्हे, बादलीभर. विधीत काटकसर करायची मला सवय नाही.

दिवा लागला. तुझा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. मग दिवा मंदावला, आणि तासाभरात विझला.

टाकीच्या कडेला तुपाचा तवंग मला दिसला होता, दादा. तो मी उपरण्यानं पुसला आणि गप्प बसलो. परतीच्या गाडीत तू वहीत लिहिलंस: 'फट निम्मी करणं चुकलं.' तेही मी शेजारी बसून वाचलं. त्यानंतर तू यंत्राला हात लावला नाहीस. का नाही बोललो मी? इतरांच्या चुका काढण्यात माझा जन्म गेला, म्हणून असेल.

आज चिकलठाण्याचे फिटर सलीमभाई आले. पत्रे सुटे केले, बोट फिरवलं, वास घेतला. "सर, ये पानी का खार नै है. चिकना है. दूध उबाले क्या इसमें?"

"मी ओतलं होतं," म्हणालो. पहिल्यांदा, आणि तेही तुझ्यासमोर नाही.

त्यांनी बोट फडक्याला पुसलं. मग म्हणाले, "बडे सर को मालूम था?"

पत्रे आता धुऊन वाळत घातलेत, वहिनीच्या कपड्यांशेजारी. थंडीत यंत्र कुंडावर नेईन. फट तू ठेवलीस तेवढीच ठेवीन. दिवा जळेल तोवर उभा राहीन, आणि तुझ्या त्या ओळीखाली जे घडलं ते माझ्या सहीनं लिहीन. दिवा नाही लागला, तरी लिहीन.

बादली घरीच ठेवीन.

तुझा धाकटा,
वसंता