आमचं घर आवरू दे

बुधवार, ५ नोव्हेंबर

मेल्याहून मेल्यासारखं झालं आज!

पारधेमावशींकडे प्रार्थनासभा होती. गाणी झाली, बायबलचं वचन झालं. मग पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "कुणाच्या काही विनंत्या?" कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलाची पोलीस भरती, कुणाचा कांदा पावसात सडलेला. आणि आमच्या आराधनाचा हात वर! नऊ वर्षांची पोर. खणखणीत आवाजात म्हणाली, "आमचं घर आवरलं जाऊ दे म्हणून प्रार्थना करा."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पाळकसाहेब हसले नाहीत — ते जास्त लागलं. डोळे मिटून त्यांनी रीतसर प्रार्थना केली. "बापा, आमच्या कृपाभगिनीच्या घराला शिस्त लाव." सगळी खोली म्हणाली, आमेन. मीसुद्धा! सवयीनं.

घरी येताना मी तिच्या चार पावलं पुढे चालत होते. शेवटी तीच म्हणाली, "तूच सांगतेस ना, आपल्याला जमत नाही ते देवाकडे मागायचं?"



गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज ठरवून बसले, कपड्यांच्या घड्या करायच्याच. दिवाणावर ढीग आहे. आलं-गेलं तर त्यातच कोपरा करून बसायचं. दोन घड्या झाल्या. तिसरा आराधनाचा शाळेचा शर्ट — बटण नाही. सुई शोधायला उठले. सुईच्या डब्यात घड्याळाचा सेल सापडला. घड्याळ काढायला स्टूल घेतलं, तर स्टुलावर परवापासून शोधत होते ती लाईट बिलाची पावती. ती ठेवायला कपाट उघडलं आणि कपाटातलं अर्धं खाली! तेवढ्यात करपल्याचा वास. डाळ गेली.

संध्याकाळी ढीग होता तसाच, वर घड्याळ, सुया, पावती आणि काळं पातेलं. अशा बाईच्या हाताखाली तिसरीची मुलं आहेत. त्यांच्या वह्यांना मी नीटनेटकेपणाचे गुण देते!

मार्चमध्ये पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं — एडीएचडी, म्हणजे लक्ष एका ठिकाणी टिकतच नाही. लहानपणापासून असणार म्हणाल्या, कुणाच्या लक्षात आलं नाही. गोळीचा जोर शाळेत असतो, घरी येईपर्यंत संपतो. नवरा, इमॅन्युएल, सोडून कुणालाच बोलले नाही. लोक म्हणतील, आळसाला इंग्रजी नाव शोधलंय. खरं सांगायचं तर मलाही कधीकधी तसंच वाटतं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

लिहायचीही लाज वाटते.

दुपारी दार वाजलं. पारधेमावशी! "कृपा, ए कृपा! मी एकटीच हाय गं. जरा हात लावते म्हनलं आवरायला. आमी काय परके हाय का?"

आराधना धावत निघाली. मी तिला मागच्या मागे ओढलं आणि तोंडावर हात ठेवला. दाराच्या आड, दोघी. तिचा गरम श्वास माझ्या तळव्याला लागत होता. मावशी बराच वेळ थांबल्या. मग त्यांच्या चपलांचा आवाज लांब गेला.

"मम्मी, आपण खोटं बोललो?"

"बोललो कुठं? गप्प बसलो."

हे मी माझ्या लेकराला शिकवते आहे.

सोमवार, १० नोव्हेंबर

ओटा घासला. लख्ख! रात्रीच्या स्वयंपाकाला पुन्हा जैसे थे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

डोकं दुखतंय सांगून प्रार्थनेला गेले नाही. इमॅन्युएल आराधनाला घेऊन गेला आणि येताना काय घेऊन आला — तर पुढच्या बुधवारची सभा आमच्याकडे!

"मला न विचारता?"

"किती दिवस सभेची पाळी टाळायची? लोकांच्या बायका नोकरी करून घर नाही का ठेवत?"

बोलून गेला आणि त्याचा चेहरा पडला. "तसं न्हाई गं म्हणायचं मला." पण म्हणून झालं होतं. सुप्याच्या कंपनीत दिवसभर उभा राहून येतो बिचारा, आल्यावर स्वतःचा टॉवेल शोधतो. त्याचं तरी काय चुकलं?

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सगळं आतल्या खोलीत कोंबतेय. कपडे, वर्तमानपत्रं, फुटका पंखा, खोकी. पलंग दिसेनासा झाला. आज खाली सतरंजीवर झोपायचं.

शेवटी आराधनाचं दप्तर झटकलं. काळं पडलेलं केळं, डब्याची दोन झाकणं, पानं निखळलेली वही, पालकसभेच्या चार चिठ्ठ्या — एकही माझ्यापर्यंत आली नव्हती. माझा तोल गेला. "गबाळी कुठली! तुझ्यामुळे होतं हे सगळं घराचं!"

हाच शब्द माझी आई वापरायची. गबाळी. माझ्याच तोंडून ऐकला तेव्हा अंगावर काटा आला. पण शब्द निघून गेला होता. आराधना ते केळं उचलून केराच्या डब्याकडे गेली. रडलीही नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

झाली सभा. पुढची खोली अशी, की मलाच परक्या घरी आल्यासारखं वाटलं. आतल्या खोलीला बाहेरून कडी.

पाळकसाहेब खूश. "देवानं विनंती ऐकली! आराधना बेटा, उभी राहून साक्ष दे."

ती उठली. आतल्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खालमानेनं म्हणाली, "हो. देवानं ऐकलं."

सगळे म्हणाले, आमेन. पारधेमावशींनी माझा हात दाबला. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. देवाच्या नावानं पोर खोटं बोलली — मला झाकायला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

वेणी घालताना विचारलं, "काल खोटं का बोललीस गं? माझ्यासाठी?"

ती पुढेच बघत होती. "मला घराचं मागायचंच नव्हतं. माझं मागायचं होतं. माझं काहीच जाग्यावर राहत नाही, बाई रोज उभं करतात. सगळ्यांसमोर लाज वाटली, म्हणून 'आमचं घर' म्हटलं." मग हळूच — "तुला लपवता तरी येतं, मम्मी. माझं वर्गात सगळ्यांना दिसतं."

वेणी अर्धीच राहिली. दोघींनी शाळा बुडवली. तिला मांडीवर घेऊन माझ्या दुखण्याचं नाव सांगितलं, पहिल्यांदाच. मग पुण्याला डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि आम्हा दोघींची वेळ मागितली.