फोनवर मी ‘हो’ म्हणालो त्याबद्दल

मी, वना कौतिक महाजन, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वी कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर, राहणार धरणगाव, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्या दडपणाशिवाय व नशापाणी न करता लिहून ठेवतो. बुद्धी जागेवर आहे, डोळे चांगले आहेत. सोबत जोडलेल्या दाखल्यात डॉक्टरांनी ‘सर्व इंद्रिये शाबूत’ असे लिहिले आहे, ते मात्र खरे नाही. त्यात डॉक्टरांचा दोष नाही. त्याचा खुलासा कलम तीनमध्ये केला आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर व मागची मोकळी जागा मुलगा जीवराम यास द्यावी. तो धुळ्यास नोकरीत आहे, इकडे राहायला येणार नाही. विकले तरी माझी हरकत नाही. मागच्या दाराची कडी आधी वर उचलून मग ओढावी लागते, एवढे घेणाऱ्यास सांगावे. पोस्टातील बचत नात सुगंधा हिच्या शिक्षणासाठी आहे. माझ्या पत्नीच्या पाटल्याही तिच्याच. त्या मोडू नयेत.

कलम २. पाने, कानशी, हातोडे, लोखंडी पेटीसह, लोटन झिपरू महाजन यास द्यावेत. तो माझ्या हाताखाली शिकला. मोठा पाना पुनाचा आहे. पुना माझा जोडीदार फिटर होता. मशीनवर तळहात ठेवून तो कुठले बेअरिंग गेले ते सांगत असे. मॅनेजरने मागून मारलेली हाक त्याला ऐकू आली नाही, म्हणून त्याला सर्वांदेखत कामावरून काढले. “बहिरा फिटर काय कामाचा?” असे मॅनेजर म्हणाला. तेव्हा मी शेजारीच उभा होतो आणि एक शब्द बोललो नाही. त्या मॅनेजरला मी माफ केलेले नाही.

कलम ३. त्यानंतर दहा-बारा वर्षांत माझेही कान गेले. घंटी वाजली, भांडे पडले, तर कळते. माणसाचे बोलणे मात्र गोणीत तोंड घालून बोलल्यासारखे येते, शब्द सुटत नाहीत. जिनिंगच्या आवाजात आम्ही सगळेच एकमेकांचे ओठ पाहून बोलत असू. तीच सवय पुढे उपयोगी पडली. माणूस समोर असला की माझे काही अडत नसे. पुनाचे झाले ते पाहून मी ही गोष्ट लपवली. नोकरी संपल्यावर लपवण्याचे कारण उरले नव्हते, तरी लपवली. फक्त पत्नी धुरपदाबाई हिला ठाऊक होते.

सुगंधा तीन वर्षांची असल्यापासून नवव्या वर्षापर्यंत आमच्याकडे होती, कारण तिचे आईवडील दोघे नोकरीला जात. मी तिला पाढे शिकवले, कापसाचा धागा बोटांनी ओढून पाहायला शिकवले, आणि आवाज न करता बोलायला शिकवले. पाहुणे बसलेले असताना ती लांबून नुसते ओठ हलवून म्हणे, “आबा, हे कधी जाणार?” तिला तो खेळ वाटे. मला तिच्याशी बोलताना सर्वांत कमी कष्ट पडत.

कलम ४. सन १९९३ मध्ये जीवरामने घरी टेलिफोन बसवून दिला. “आबा, आता रोज बोलू. लांब आहोत असं वाटणारच नाही,” म्हणाला. त्याआधी तो महिन्यातून दोनदा एसटीने यायचा, सुगंधाला आणायचा. फोन बसल्यावर फक्त दिवाळीला येऊ लागला. फोन आला की धुरपदाबाई माझ्यासमोर उभी राही आणि ऐकलेले आमच्या अहिराणीत ओठांनी सांगे, “जीवरामना फोन शे. बठ्ठं बरं शे म्हणस.” सगळे बरे आहे एवढे कळले की मी फोन घेऊन म्हणे, “हो, हो. बरं. काळजी घ्या.” दोन वर्षे असे चालले.

सन १९९५ च्या डिसेंबरात तिच्या पोटाचे दुखणे वाढले. जीवराम तिला धुळ्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. लोटन काम करतो त्या जिनिंगमध्ये हंगाम जोरात होता, त्याच्या मदतीला मी जात असे, म्हणून चार दिवसांनी येतो म्हणालो. निघताना ती म्हणाली, “फोन वाजना ते रतिलालभाऊले बलाई ल्या. लाजू नका.” रतिलाल आमचे शेजारी, किराणा दुकानदार. फोन वाजला तर त्यांना बोलावून ऐकायला सांगावे, असे तिचे म्हणणे.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. जीवरामचा आवाज आहे एवढे कळले. रतिलालला बोलावले नाही. म्हणालो, “हो, हो. बरं. काळजी घ्या.” दुपारी पुन्हा वाजला. पुन्हा तेच म्हणालो आणि जिनिंगमध्ये गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जीवरामचा मेहुणा जीप घेऊन दारात उभा राहिला. ती गेली, हे त्याच्या ओठांवर वाचले.

धुळ्यास पोचल्यावर जीवराम सर्व नातेवाइकांसमोर माझ्यापुढे आला. त्याचा एकही शब्द माझ्या नजरेतून सुटला नाही.

“ती दिवसभर दाराकडे पाहत होती, आबा. मी तिला सांगत होतो, हो म्हणालेत, निघालेत. दोनदा फोन केला मी तुम्हाला! काय काम होतं एवढं?”

मी म्हणालो, “हंगाम होता.”

हेच माझे शेवटचे उत्तर त्याच्यापाशी राहिले आहे. दशक्रियेनंतर तो आला नाही. सुगंधालाही पाठवले नाही.

कलम ५. गेल्या वर्षी मी त्याला पत्र टाकले: ‘एकदा ये, समोर बसून बोलायचे आहे.’ कान गेले ते पत्रात लिहिण्याचा तीनदा प्रयत्न केला व फाडले. आता सबब सांगतो असे त्याला वाटले असते. त्याने पत्राला उत्तर पाठवले नाही, फोन केला. आधी त्याचा आवाज होता, बराच वेळ. मग बारीक आवाज आला, तो सुगंधाचा असावा. न समजता हो म्हणायचे नाही असे मी ठरवले होते, म्हणून गप्प राहिलो. थांबा, रतिलालला बोलावतो, एवढे म्हणायचे सुचले नाही. पलीकडून फोन ठेवला. मी रागाने बोललो नाही असेच त्यांनी धरले असेल. ते दोघे काय म्हणाले, मला आजवर माहीत नाही.

कलम ६. माझ्यामागे टेलिफोन सरकारजमा करावा. आता खिशात ठेवायचे फोनही निघाले आहेत असे पेपरात वाचले. सुगंधाने जरूर घ्यावा. माझी ना नाही.

कलम ७. साक्षीसाठी रतिलाल यांनी इथपर्यंतचा मजकूर वाचला. म्हणाले, “आबा, हे मेल्यावर कळून काय उपयोग? मी उद्या धुळ्याला जातो.” मी म्हणालो, तो तुम्हाला दारात उभे करणार नाही. ते म्हणाले, “मग दाराबाहेरून सांगेन.” त्यांना जा म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. धुळ्याची पहिली गाडी साडेसहाला सुटते, एवढे सांगितले.

वरील मजकूर मी लिहिला, मीच वाचून पाहिला, व दोघा साक्षीदारांदेखत सही केली.

ठिकाण: धरणगाव
दिनांक: ९ नोव्हेंबर १९९७

(सही) वना कौतिक महाजन

साक्षीदार:
१. (सही) रतिलाल छगन वाणी
२. (सही) लोटन झिपरू महाजन