मधून चालव

३ मार्च
तपासणीसाठी एका ट्रक ड्रायव्हरला डोळे मिटायला लावून एका पायावर उभं केलं आणि फोन घ्यायला आत गेलो. परत आलो तर ड्रायव्हर जमिनीवर. तोल गेला की कंटाळा केला? कंटाळा, असं मी धरलं. मागच्या महिन्यात स्फोटात याचा ट्रक उलटला, डोकं आपटलं. बाहेरून ओरखडासुद्धा नाही. वॉर्ड अशाच लोकांनी भरलाय. कर्नलना ड्रायव्हर हवेत. महिनाअखेर वॉर्ड रिकामा करायचा आणि बढती घ्यायची, असा संकल्प. रोज डायरी लिहायची, हाही.

४ मार्च
नियम असा की डोक्याला मार लागलेल्या जवानाला आधी पळवायचं, मग पुन्हा तपासायचं, मगच ड्यूटीवर सोडायचं. सिस्टर तेच धरून बसली आहे. मैदानात ऊन असतं. म्हणून माझी स्वतःची पद्धत काढली. पाच शब्द सांगायचे, थोड्या वेळाने विचारायचे. हत्ती, कुलूप, नदी, पिवळा, टोपी. चार आले की फिट. सोपं, शास्त्रीय आणि सावलीत.

७ मार्च
डायरी राहिली. कामाचा ताण.
पद्धतीला यश. सगळ्यांना पाचही शब्द येतात, एकाच क्रमाने. दूध वाटणारा आचारीसुद्धा हत्ती, कुलूप पुटपुटत होता. वॉर्डात अभ्यासाचं वातावरण आहे. सिस्टर म्हणाली, शब्द बदला. बदलले तर आधीच्या निकालांशी तुलना कशी करणार? शिवाय नवे मला पाठ करावे लागतील.

९ मार्च
ड्रायव्हरने मी तोंड उघडायच्या आधीच पाचही म्हणून दाखवले. असाधारण सुधारणा. वर म्हणतो, "साहेब, शब्द इथे खाटांनाही पाठ झालेत. मला एका रस्त्याचे दोन दिसतात."
"मग मधून चालव," मी म्हणालो.
अख्खा वॉर्ड हसला. तो नाही. आठ दिवस वाढवून मागितले. बायको अवघडलेली आहे म्हणे, गाडीत काही झालं तर तिला कोणी नाही. त्याचा डोक्याशी काय संबंध? फिट लिहिलं. सिस्टर दार आपटून गेली. तिची बदली करायला हवी. उद्या अर्ज लिहायचा.
जेवताना बायकोला विनोद सांगितला. हसली नाही. म्हणाली, लग्न झाल्यापासून तुम्हाला कुणाचंच डोकं दुखलेलं पटलेलं नाही, माझंही. तिला विनोदाचं अंग कमीच.

१२ मार्च
बदलीचा अर्ज राहिला. कर्नलनी बोलावलं. वॉर्ड अर्धा रिकामा झाला म्हणून पाठ थोपटली. उद्या पलीकडच्या छावणीवर जायचं, तिथेही माझी पद्धत सुरू करायची. शेवटी गुणांची कदर झाली! ट्रकने जायचं. ड्रायव्हर तोच. तुमचाच पेशंट, तुमच्या खात्रीचा माणूस, असं कर्नल म्हणाले.

१२ मार्च, रात्र
डोकं दुखतंय. उजेड सहन होत नाही. मळमळ. लक्षणं अस्सल आहेत, ढोंग मला लांबून ओळखता येतं. स्वतःला आठ दिवस विश्रांती लिहून दिली. माझ्याऐवजी सिस्टर जाईल. तिला पद्धत माहीत आहे. रात्री दोनदा वाढून घेतलं. आजारात ताकद लागते. बायको ताटाकडे बघत होती.

१३ मार्च
ट्रक पुलावरून गेला नाही. शेजारून गेला. ड्रायव्हर जागीच संपला. सिस्टरचा पाय मोडला, डोकं आपटलं. दुपारी शुद्धीवर आली. कर्नल खाटेपाशी होते, मीही. तो शेवटी काय बोलला, ते तिने सांगितलं. "दोन पूल आहेत, सिस्टर. साहेबांनी मधून चालवायला सांगितलंय."
तिची स्मरणशक्ती तपासायला हवी. डोकं आपटलेल्या माणसाच्या बोलण्यावर काय भरवसा ठेवायचा? कर्नलना मी तसं सांगितलं. ते माझ्याकडे वळले. मग विचारलं, तुमचं डोकं कसं आहे?
संध्याकाळी बाहेरचा डॉक्टर मला तपासायला आला. पळवणार असं वाटलं होतं. नाही. माझीच पद्धत, माझेच शब्द. हत्ती, कुलूप, पिवळा, टोपी. पाचवा काही केल्या आठवेना. अजून आठ दिवस हवेत, मी म्हणालो. चार पुरे, तो म्हणाला. फिट.

१४ मार्च, सकाळ
छावणीवर निघालो. नवा ड्रायव्हर वॉर्डातलाच, मीच पास केलेला. मागे बसतो म्हणालो. मागे सामान होतं. त्याच्या शेजारी बसवलं.