दुसरा ब्रेक

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र आणि सोबतचा फॉर्म मिळाला. दुसऱ्या वर्षाला नाव घालायचंय, पालकांची सही हवी, सोमवारच्या आत पोचला नाही तर जागा जाईल, हे तू तीनदा लिहिलंयस. एकदा पुरलं असतं, बाप अजून आंधळा झालेला नाही. वसतिगृहात खिडकीजवळची खाट मिळाली, मैत्रीण घोरते तरी झोप लागते, हे वाचून हसलो. पुढे लिहिलंयस की आता इथे रुळलेय. ते मात्र मला आवडलं नाही.

पंचवीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतोय. शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, तुला माहीतच आहे. शिकणारा जरा निवांत झाला, एक हात सोडून केस सारखे करायला लागला, की मी न सांगता तो दाबतो. मनातल्या मनात शिव्या घालतात, पण पुन्हा गाफील राहत नाहीत. पोरांचंही तसंच. पंधराव्या वर्षी माणूस ओल्या सिमेंटसारखा असतो, वाळायच्या आत ढवळत राहावं लागतं. म्हणून दर दोन महिन्यांनी मी तुझी खोली बदलायचो. नववीत अर्ध्या वर्षात शाळा बदलली. तू सहलीला गेलीस तेव्हा तुझा कुत्रा एका शिकाऊ बाईंना देऊन टाकला. दोन दिवस तू जेवली नाहीस, त्याचा पट्टा उशाशी घेऊन झोपलीस. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने ताट संपवलंस. तुझी आई मला कसाई म्हणाली. खोटं कशाला बोलू, मला जराही वाईट वाटलं नाही. उलट छाती फुगली.

तुझ्या आईला हे कधी कळलंच नाही. ती आपली एका चाकोरीतली. मी उठायच्या आत चहा, खुर्चीवर शर्ट, उजव्या हाताला चष्मा. डावीकडे ठेवलेला मी खपवून घेत नाही हे तिला पहिल्याच वर्षी समजलं होतं. हल्ली चष्मा सापडत नाही. काल दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून कामावर गेलो. शिकायला आलेल्या बाई फिदीफिदी हसल्या. पुढच्या चौकात असा ब्रेक मारला की त्यांचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. मग काही हसल्या नाहीत.

तर, तुझी आई गेल्या महिन्यात मावशीकडे निघून गेली. परत येणार नाही म्हणते. तुझी परीक्षा होईपर्यंत तुला सांगायचं नाही असं तिने ठरवलं होतं, मला तसलं काही जमत नाही. घर खायला उठतं. चहा मला येत नाही आणि या वयात मी शिकणारही नाही. तुझी गोष्ट वेगळी, तुला कुठेही नेऊन टाकलं तरी निभावतं. शनिवारच्या गाडीने सगळं सामान घेऊन ये. कॉलेजला तसं कळवून टाकलंय. दुसरा फॉर्म मागवू नकोस, त्यावरही सही होणार नाही. कोरे कागद कुठे असतात ते तुझ्या आईलाच ठाऊक, म्हणून हे पत्र तुझ्या फॉर्मच्या पाठीवर लिहिलंय.

तुझाच,
बाबा