शाबानची हाक

कैरो, रमजानचा दुसरा आठवडा

चि. सुधास कैरोहून अनेक आशीर्वाद.

माझी प्रकृती ठणठणीत आहे. हे वाक्य घरातल्या बाकीच्यांना वाचून दाखव, पुढचं तुझ्यापुरतं.

झोप लागते, पण गाढ लागत नाही. डॉक्टर नेर्मीनबाईंनी डोक्याला तारा लावून मला झोपवून पाहिलं. घोरता घोरता श्वास अडतो आणि झोप तुटते. गाढ झोपेत मेंदू आपला केर काढतो, शरीर डागडुजी करतं म्हणे. आमच्या गुरुजींनी सुषुप्तीतला आनंद तेवढा शिकवला. झाडलोटीचं काही सांगितलं नाही.

सहरीसाठी, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणासाठी, ढोल वाजवत, नावानं हाका मारून गल्लीला उठवणारा शाबान माझंही नाव घेतो. रोजा नसला तरी शेजारी ना! परवा मी आधीच खिडकीत उभा, तर म्हणाला, "उस्ताद, तुम्ही जागेच? मग मी काय मांजरांना उठवू?"

काल मात्र तो "उस्ताद श्रीधर!" म्हणून ओरडत राहिला, आणि मी पडल्या पडल्या विचार करत होतो, हा श्रीधर उठत का नाही?

आपल्या अप्पांचं विसरणं कोणत्या वयात सुरू झालं गं? सहज विचारतोय. तुझा गुडघा काय म्हणतो?

नाकाला लावायचं यंत्र आणलंय. आज ते लावून झोपेन. भीती वाटते.

उत्तर लगेच धाड. एरवी नुसतं 'दादा' लिहितेस. या वेळी माझं नाव लिही, पूर्ण.

तुझा दादा,
श्रीधर
(हे न अडखळता लिहिलं.)