जवाईबापूच्या बॅटरीचे सेल

मु. कुरखेडा
ता. २६ मे १९५५

चांद्याच्या सायकल दुकानाचे मालक आणि माझे जुने दोस्त जाफरभाई यांना भैयाजीचा रामराम आणि सलाम. (दोन्ही ठेवून घ्या, वापस करू नका.) कनीजभाभीचे गुडघे कसे आहेत? मागच्या खेपेले मी बिब्ब्याचं तेल दिलं होतं. अजून लावलं नसेल तर लावू नका, त्यानं फोड येतात हे मले मागाहून समजलं. लावलं असेल तर भाभीले माझं नाव सांगू नका.

इथी आम्ही सगळे खुशाल आहोत, एक जवाईबापू सोडून. ते आज नऊ दिवस झाले आमच्या ओसरीत रुसून बसले आहेत, आणि त्याले कारण तुमची बॅटरी आहे.

तुम्ही लग्नात होतेच. आमच्या पोरीचा, मनकर्णेचा नवरदेव पंगतीत रुसला, त्याचं मले काही वाटलं नाई. रुसायची रीतच आहे, आणि नवरदेव रुसला नाई तर लोक म्हणतात पोरात काही कमी आहे का काय. आम्ही समजलो अंगठी मागेल, फार तर गोऱ्हा मागेल. (गोऱ्हा मी बांधूनच ठेवला होता.) नवरदेव वारलूरावांनी भातावर हात ठेवला आणि बॅटरी मागितली. पंगत थंड झाली, वरण त्याच्याहून थंड झालं. तेव्हा तुम्ही पिशवीतून नवी कोरी बॅटरी काढून त्यांच्या हातात दिली आणि माझी इज्जत राह्यली. ते उपकार मी मानतो. पण जाताना तुम्ही त्यांच्या कानात सांगितलं की सेल मंदावले तर उन्हात ठेवायचे, पुन्हा भरतात, खर्च काही नाई. ते उपकार मी मानत नाई.

मनकर्णा मांडवपरतणीले माहेरी आली होती, तिले न्यायले जवाईबापू गाडी जुंपून आले. त्यांचं गाव खोब्रागडी नदीच्या पल्याड, मधात सगळं जंगल, आणि मोहाच्या दिवसात अस्वलं झाडाखाली बसूनच असतात. उन्हामुळं गाडी पहाटे अंधारात काढा लागते. म्हणजे बॅटरी कामाची वस्तू आहे, मी नाई म्हणत नाई. पण आल्या दिवशी भर दुपारी गाव गोळा झालं. जवाईबापूंनी आधी लटारू पाटलाच्या तोंडात उजेड पाडून त्याच्या दाढा मोजल्या. मग विहिरीत उजेड पाडून दोन वर्षांआधी पडलेली बादली दाखवली. मग कणगीत उंदीर, कोंबडीच्या पोटाखाली अंडी, आणि रुखमाबाईच्या कानात मळ. (बाई अजून खुशीत आहे, म्हणते पहिल्यांदा कोणी आत पाह्यलं.) संध्याकाळी खरा अंधार पडला तेव्हा बॅटरीत बिडीएवढाही उजेड नव्हता.

दुसऱ्या दिवशी तुमच्या सांगण्यावरून सेल उन्हात गेले. आमच्या आंगणात मोहफुलं वाळत होती, तिथीच सेलांना जागा दिली. जवाईबापू बाजूले काठी घेऊन राखण करत बसले, दर घटकेले पलटवत. संध्याकाळी खरोखरच थोडा उजेड आला, आणि तो आला का नाई हे पाहण्यातच सरला. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी आभाळ आलं. जवाईबापूंनी डोकं लढवलं, उन्हात गरमीच असते ना, मग चुलीत काय कमी आहे. सेल त्यांनी गरम राखेत पुरले आणि राखणीले बसता बसता झोपले. मनकर्णेची माय शकुबाई भाकर टाकायले आली तं चुलीतून काळा चीक निघून राह्यला होता. तिनं ती चूल फोडली, नवी घातली, आणि तेव्हापासून तुमचं नाव घरात जोरानं घेत नाईत.

मी म्हटलं, जवाईबापू, कंदील घेऊन जा. ते म्हणाले, "मामाजी, लग्नात बॅटरी घेतली आणि बायको कंदिलावर आणली, लोक काय म्हणतीन?" मी म्हटलं, मग दिवसा निघा. तर म्हणाले, "दिवसा बॅटरीचा उजेड कोणाले दिसन?" आता ते भिंतीकडं तोंड करून जेवतात. (जेवतात मात्र पोटभर.) इकडं गावात कुजबूज चालू झाली की पोरीले नेत काऊन नाईत. मिरग लागायले बारा दिवस उरले. नदी एकदा भरली की दसऱ्यापर्यंत गाडी उतरत नाई, मग पोरगी इथीच बसेल. तरी भाऊ, हात जोडतो, दोन सेल पहिल्या मोटारीनं पाठवा.

तुमचा,
भैयाजी

ता. क. वरचं पत्र जवाईबापूले वाचून दाखवलं, त्यांना पसंत पडलं. आता गोठ्यात बसून एकटा लिहितो. सेल पाठवू नका. पाठवायचेच तर मिरग लागल्यावर पाठवा, एखाद्या सावकाश माणसाबरोबर. लग्नानंतर पोरगी आठ दिवस गेली होती तेव्हा घर मले खायले उठत होतं. मी रुसलो तर मले कोण काय देईल? आम्हा बापांना तशी रीतच नाई. चार महिने मिळाले तर बरं वाटेल. शकुबाईले सांगू नका.

ता. क. दुसरा. जाफरकाका, मी मनकर्णा. बाबांनी पाकीट चिकटवायले भाताची शितं मागितली, म्हणून पत्र माझ्या हाती आलं आणि मी वाचलं. बाबांचं ऐकू नका, सेल लवकर पाठवा. मले माझ्या घरी जायचं आहे, आणि हे भिंतीकडं पाहून जेवतात ते मले पाहवत नाई. सोबत बाबांसाठी अशीच एक बॅटरी पाठवा. त्यांना दिवस मावळला की दिसत नाई. ते कोणाले सांगत नाईत, आवाजावरून चालतात, परवा गोठ्याच्या खांबावर आपटले आणि म्हणाले गाईनं ढकललं. नदी उतरली की ते मले भेटायले निघतील, आणि थांबा म्हटलं तर थांबणार नाईत. बॅटरी त्यांच्या हाती देऊ नका, माझ्याकडं पाठवा. मी जाताना रुसून बसते, बाबांनी ती घेतली तरच गाडीत बसते म्हणते.